बांध कोणाचा, लाभ कोणाचा?

सुगी आली की निपाणी-चिकोडीच्या बाजारात आलेल्या मालाचे वजन आपण काटेकोरपणे करतो. परंतु ज्या जमिनीत तो पिकला, तिची किती माती पावसाने वाहून नेली, ह्याची नोंद कोणाच्याही खतावणीत सापडत नाही.

सरकारने ह्या कामी हात दिला नाही, असे म्हणता येणार नाही. बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात असताना 1942 च्या जमीन सुधारणा कायद्याने बांधबंदिस्तीस चालना मिळाली. 1956 साली राज्य बदलले, तरी साहाय्याचे धोरण राहिले. 2014 साली कर्नाटक सरकारने सुरू केलेल्या कृषी भाग्य योजनेत कोरडवाहू शेतकऱ्यास शेततळ्यासाठी अनुदान ठेवले गेले.

मात्र अनुदान उताऱ्यावरील नावास मिळते आणि बांध राखावा लागतो कसणाऱ्यास. 1974 च्या दुरुस्तीने कुळवहिवाट कागदावरून गेली. तथापि वाट्याने कसणे व्यवहारात चालूच आहे, हे आपण सारे जाणतो. पुढील वर्षी शेत आपल्याकडे राहील की नाही, ह्याची ज्यास शाश्वती नाही, त्याने फुटका बांध कशासाठी घालावा? 2020 साली शेतकरी नसलेल्यांसही जमीन खरेदीची वाट मोकळी झाली. तेव्हा हा प्रश्न व्यापारी कुटुंबांच्या दाराशी आला आहे.

आमची सूचना साधी आहे. समजा, शेतात दहा पोती सोयाबीन झाले आणि बांधाच्या डागडुजीस एका पोत्याची किंमत लागली. निम्म्या वाट्याच्या रीतीत हा खर्च एकट्या वाटेकऱ्यावर पडला, तर पाचांपैकी चारच पोती त्याच्या पदरी राहतात. ते पोते रास वाटण्यापूर्वीच बाजूस काढावे. म्हणजे दोघांस साडेचार-साडेचार पोती मिळतील. त्यासोबत, बांध नीट राखणाऱ्याकडे शेत आणखी काही वर्षे ठेवण्याचा शब्द द्यावा.

मालकाने आपले अर्धे पोते का सोडावे, असे कोणी विचारील. आम्ही उलट विचारतो : वखारीचे छप्पर शाकारण्याच्या खर्चास आपण दानधर्म म्हणतो काय? वाटेकरी उद्या दुसरे शेत धरील. वाहून गेलेली माती मात्र मालकाचीच असते. सरकारी अनुदान बांध घालून देईल. तो टिकविण्याचे मोल आपणच दिले पाहिजे. येत्या सुगीच्या राशीपासून सभासद बंधूंनी ह्याचा आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे.