नॅन्सी मिलरची जात

फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं विकणाऱ्यांकडे एक प्रकार हमखास सापडतो. कव्हरवर केस उडणारी गोरी बाई, तिच्या मागे डोक्यात पिसं खोचलेला लकोटा सरदार, त्याच्याही मागे तांबडालाल सूर्य. आत काय असणार ते कव्हरवरूनच कळतं. वसाहतीतली मुलगी वाट चुकते, सरदार तिला वाचवतो, आधी भांडण, मग प्रेम, आणि शेवटी त्याची टोळी तिला आपली मानते. तीनशे पानं, एका रविवारी फस्त. असल्या पुस्तकांना नावं ठेवायची मला हौस नाही. आपणही 'दिलवाले' पाहून डोळे पुसलेच की.

मला प्रश्न पडतो तो त्या शेवटाबद्दल. टोळी तिला आपली मानते, म्हणजे नक्की काय करते? कुणाला विचारून? आणि ही सवलत आणखी कुणाकुणाला मिळते? कादंबरी इथे चटकन संपते. खरी गंमत इथून पुढे असते.

आधी खऱ्या लकोटांचं सांगतो. कॅरोलाइन वेल्डन नावाची ब्रुकलिनमधली एक बाई १८८९ साली डकोटात गेली. सरकार लकोटांच्या जमिनीचे तुकडे पाडून ती मोकळी करून घेत होतं, त्याविरुद्ध सिटिंग बुलला मदत करायला. वर्तमानपत्रांना जमिनीत रस नव्हता. गोरी बाई सरदाराच्या प्रेमात पडली, एवढंच त्यांनी चघळलं. १५ डिसेंबर १८९० ला सिटिंग बुलला पकडायला आलेल्या राखीव वस्तीच्या पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. प्रेमाची गोष्ट एकदा रंगली की बाकीचं सगळं तिच्या आड जातं, ते असं.

आता आपल्याकडे येऊ. कारण गोरी अमेरिकन मुलगी आणि एतद्देशीय सरदार ही गोष्ट चक्क मराठीत घडलेली आहे, तीसुद्धा लग्नापर्यंत गेलेली.

माझं गाव पालम, जिल्हा परभणी. आमच्या भागात धनगर समाज मोठा. त्यामुळे ३१ मे, म्हणजे अहिल्यादेवींची जयंती, लहानपणापासून पाठ. पण होळकर म्हटलं की आमची गाडी मल्हाररावांवरून निघते, अहिल्यादेवींवर थांबते, फार तर यशवंतरावांपर्यंत जाते. पुढचे होळकर कुणी सांगत नाही. त्यातले एक तिसरे तुकोजीराव, इंदूरचे महाराज. १९२८ साली आमचं पालम निजामाच्या राज्यात होतं, आणि तुकोजीरावांनी गादी सोडून दोन वर्षं झाली होती.

गादी का सोडली? तर मुमताज बेगम. ही त्यांच्या दरबारातली नर्तकी. ती इंदूरहून निसटली आणि मुंबईत अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याकडे राहू लागली. १२ जानेवारी १९२५ ला मलबार हिलवर त्यांची मोटार अडवून हल्ला झाला. बावलाचा खून झाला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. योगायोगाने तिथून जाणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. हल्लेखोरांचे धागेदोरे इंदूरला पोचत होते. चौकशी आयोगाला सामोरं जायचं की गादी सोडायची, असा पर्याय इंग्रज सरकारने ठेवला, तेव्हा फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी मुलाच्या नावे गादी सोडली.

नंतर युरोपात त्यांची नॅन्सी ॲन मिलर हिच्याशी गाठ पडली. जन्म १९०७, गाव सिएटल. (या सिएटलची पण एक कथा आहे. शहराला नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या सरदाराचं. आणि त्याच शहराने १८६५ साली, सरदार हयात असताना, त्याच्या लोकांना शहरात राहायला बंदी करणारा नियम केला. नाव ठेवलं, माणसं काढली!) तुकोजीरावांची याआधी दोन लग्नं झालेली, वय सदतीस. नॅन्सी विशीतली. दोघांना लग्न करायचं होतं.

आता आला आपला प्रश्न. टोळी तिला आपली कशी मानणार?

नुसतं हिंदू करून भागत नव्हतं, कारण नुसता हिंदू असा कुणी नसतोच. हिंदू म्हटलं की पुढचा प्रश्न, कुठले? म्हणून दोन कामं करावी लागली. मार्च १९२८ मध्ये नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिची शुद्धी झाली आणि नाव पडलं शर्मिष्ठादेवी. शिवाय कर्नल लांभाते यांनी तिला दत्तक घेतलं, म्हणजे तिला धनगर बाप मिळाला. त्यावर समाजात बरीच उलटसुलट चर्चा झाली, विरोधही झाला. पण शेवटी १७ मार्चला नर्मदाकाठी बडवाह इथे धनगर वराचं धनगर वधूशी रीतसर लग्न लागलं. नियम मोडला का? कुठे काय! जातीतल्या जातीत तर लग्न झालं.

आमच्या धंद्यात याला पॅच म्हणतात. मूळ प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, एका मोठ्या क्लायंटसाठी वरून ठिगळ मारायचं.

हे लग्न टिकलं. चार मुली झाल्या, बाई इंदूरची होऊन राहिली. तुकोजीराव १९७८ मध्ये गेले, म्हणजे पन्नास वर्षांचा संसार. नॅन्सीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परक्या देशात, परक्या भाषेत नवं नाव घेऊन आयुष्य काढणं सोपं नाही. पण या लग्नाचा दाखला 'बघा, आपला समाज तेव्हाही किती मोकळा होता' असा कुणी दिला, तर मला पटत नाही. त्यासाठी आजूबाजूच्या तारखा बघायला हव्यात.

नॅन्सीच्या शुद्धीच्या जवळपास एक वर्ष आधी, २० मार्च १९२७ ला, डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी पंचगव्य ओतून तळ्याचीही शुद्धीच केली. शब्द तोच. एकीकडे मंत्र म्हणून परदेशी बाईला घरात घेतलं, दुसरीकडे मंत्र म्हणून घरच्या माणसाचा स्पर्श धुऊन काढला. आणि नाशिक? त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मागणी एवढीच की आम्हाला देवळात येऊ द्या. दत्तक बाप नको, नवीन जात नको, राजवाडा तर नकोच. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही.

सिएटलच्या मुलीला काही दिवसांत जात मिळते. पिढ्यान् पिढ्या गोदाकाठी राहणाऱ्याला देवळाची पायरी मिळत नाही. आणि मुमताज? तिला कुणी शुद्ध करून, दत्तक घेऊन राणी करायचा विचार केल्याचं दिसत नाही. तिच्या वाट्याला मलबार हिल आली. एकाच माणसाच्या आयुष्यातल्या दोन बायका, बघा.

जुन्या गोष्टी कशाला उकरतोस, असं वाटेल. तर मग एखादी लग्नाची वेबसाइट उघडा. आपल्यासारखीच शिकलेली, हिंजवडीत नाहीतर बंगळुरूला नोकरी करणारी मुलंमुली. प्रोफाइलमध्ये ऐटीत लिहिलेलं असतं, 'जातीची अट नाही'. आणि पुढेच, कधी कंसात, 'एससी-एसटी क्षमस्व'. क्षमस्व! काय ते सौजन्य! हे वाक्य कुण्या खेडवळ काकांनी घातलेलं नसतं, किंवा घातलं असलं तरी खालचा फोटो आपल्याच मित्राचा असतो.

पालमसारख्या गावातही ऑनसाइट गेलेल्या पोराने गोरी सून आणली तर आठ दिवस कुरकुर होते. मग मांडव पडतो, तिला नऊवारी नेसवतात, तिने 'नमस्कार' म्हटलं की टाळ्या. याच गावातल्या दोन गल्ल्यांमधल्या मुलामुलीने लग्न ठरवलं, तर त्यांना आधी पुण्याचं तिकीट काढावं लागतं. सात समुद्र ओलांडणं सोपं आहे, गल्ली ओलांडणं अवघड. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं जेमतेम ५ टक्के निघाली होती. महाराष्ट्र सरकार अशा काही जोडप्यांना ५० हजार रुपये देतं, चांगलंच आहे. पण आईबापांचा फोन परत सुरू व्हायला त्या पैशांचा उपयोग होत नाही.

माझं म्हणणं एवढंच. दूरच्या माणसाला आपलं मानणं हा आपल्या मोकळेपणाचा पुरावा धरू नये. दूरचा माणूस आपल्या उतरंडीत कुठेच नसतो, त्याला सोयीच्या पायरीवर बसवता येतं. ज्याची पायरी आपणच ठरवून ठेवली आहे, त्याला आपलं म्हणताना खरी परीक्षा लागते. त्या परीक्षेत दत्तक विधानाची पळवाट नाही.

तेव्हा पुढच्या वेळी घरात बायोडेटा आला, तुमचा, बहिणीचा, चुलतभावाचा, कुणाचाही, तर ती क्षमस्ववाली ओळ शोधा आणि खोडायला सांगा. घरात वाद होईल, होऊ दे. आणि ओळ तुम्ही स्वतःच टाइप केली असेल, तर ती कुणासाठी ठेवली आहे तेवढं एकदा मोठ्याने बोलून बघा.