वकील असताना हे मधे कोण?

‘सरकार फुकट वकील देतं, मग हे झोळीवाले कशाला?’ बेंगळुरूत भेदभाव सोसलेल्या माणसासोबत ठाण्यात, कोर्टात जाणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल हा सवाल शिकल्यासवरल्यांच्याच तोंडी जास्त ऐकू येतो.

त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क देतं. पण रात्री ठाण्याच्या बाकावर बसलेल्याजवळ तो वकील नसतो. ‘अर्ज ठेवून जा’ असं सांगितलं जातं आणि नवखा माणूस ठेवून जातोही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची असते, एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, हे त्याला कोण सांगणार? जबाब कन्नडमध्ये लिहिलेला असतो. कन्नड न येणारा बिहारी मजूर त्यावर अंगठा उठवतो आणि प्रकरण तिथेच निम्मं संपतं. पुढे कितीही नामवंत वकील उभा राहिला तरी त्याला लढावं लागतं त्याच कागदावर.

दुसरा आक्षेप, ही मंडळी पोलिसांच्या कामात लुडबुड करतात. ऑक्टोबर 2008मध्ये गिरिनगर पोलिसांनी काही हिजड्यांना पकडलं. त्यांच्या मदतीला धावलेल्या, लैंगिक अल्पसंख्याकांसाठी काम करणाऱ्या ‘संगमा’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनाही अटक झाली, जाब विचारायला जमलेल्यांनाही उचललं. सोबत जाणं हाच गुन्हा ठरला होता. पुढे 2015च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्धच्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात आलेलं कलम 15अ साफ सांगतं की पीडिताला स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क आहे. वकिलाच्या पंगतीला कार्यकर्ता बसवलाय तो संसदेनेच.

एकेकाची प्रकरणं सोडवून व्यवस्था बदलत नाही, हे तर अगदीच पोकळ. कर्नाटक पोलीस कायद्यात 2011मध्ये कलम 36अ घुसडलं गेलं. त्यात हिजड्यांची नावं-पत्ते नोंदवून त्यांच्यावर नजर ठेवण्याची सोय होती. लैंगिक अल्पसंख्याकांच्या संघटनेने उच्च न्यायालय गाठलं आणि 2017पर्यंत सरकारला त्या कलमातून त्यांचा उल्लेख काढावा लागला. ‘संगमा’च्याच याचिकेनंतर 2021मध्ये कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना 1 टक्का आरक्षण दिलं. ठाण्यांच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांच्या गाठीशी हकिकती नसत्या, तर या याचिकांत काय लिहिलं असतं?

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. काही स्वयंसेवक मध्यस्थ होऊन बसतात. ‘मिटवून टाका, कोर्टात वर्षं जातात’ म्हणत पीडितालाच तडजोडीला राजी करतात. (आपल्याकडच्या गल्लीपुढाऱ्याला जसा प्रत्येक भांडणात न्यायाधीश व्हायचा सोस असतो, तसाच.) स्वयंसेवकाने कायद्याचा सल्ला देऊ नये, पीडिताच्या वतीने बोलू नये, शेजारी बसावं, वाचून दाखवावं, पोच मागावी, वकिलापर्यंत न्यावं. त्यासाठी प्रशिक्षण हवं आणि ते देणं विधी सेवा प्राधिकरणाला अवघड नाही. त्यांचे स्वतःचे विधी स्वयंसेवक आहेतच.

बाकी राहतं ते 15अ. दलित तक्रारदाराला मिळालेला सोबतीचा हक्क नावावरून घर नाकारलेल्या मुसलमान भाडेकरूला, ईशान्येकडून आलेल्या मुलीला, तृतीयपंथीयाला का नसावा? फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात तो सरसकट घालावा आणि प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर कन्नडसोबत हिंदी, तमिळ, उर्दूतही लिहावा.