आधी आवाज मोजा, मग सन आठवा

परीक्षा जवळ आली आहे. संगीतकारांची नावं पाठ आहेत, सनावळ्याही पाठ आहेत. पण पेपरात अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकवून विचारतात, ‘हे संगीत कोणत्या काळातलं? कशावरून?’ आणि सगळंच सारखं वाटू लागतं.

तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी पाश्चात्त्य संगीताचा रसास्वाद हा ऐच्छिक विषय घेतला असेल, तर मध्ययुग आणि रेनेसाँ हा भाग इथेच अडतो. यावर उपाय पाठांतराचा नाही, कानाचा आहे. तुकडा सुरू होताच स्वतःला तीन प्रश्न विचारा.

चाल एकच आहे का?

वीस जण गात असले तरी सगळे एकच चाल गात असतील, तर ती मोनोफोनी. त्यात लॅटिन शब्द, साथीला वाद्य नाही आणि ठेकाही नाही, असं असेल तर बहुधा ग्रेगोरियन चांट. चाल खूप उंच झेप घेत असेल, तर जर्मनीच्या हिल्डेगार्ड फॉन बिंगेन (1098–1179) यांचा विचार करा. शब्द लॅटिन नसून दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सिटन बोलीतले आणि विषय प्रेमाचा असेल, तर ते त्रुबदूर कवींचं गाणं.

खालचा सूर धरून ठेवलाय का?

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलशी जोडलेले लेओनँ आणि पेरोतँ यांचं ऑर्गानम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचं. यात खालचा आवाज जुन्या चांटचा एकेक सूर लांबवतो आणि वरचे आवाज लयीत फिरतात. आपल्या कानाला हा तानपुरा वाटतो. पण तानपुऱ्याचा षड्ज बदलत नाही, ऑर्गानमचा खालचा सूर मात्र थोड्या वेळाने पुढे सरकतो, कारण ती मूळची चाल आहे. हा फरक उत्तरात जरूर लिहा.

चार आवाज आहेत, लय तुटक आहे आणि शेवटचे सूर पोकळ वाटतात, तर चौदाव्या शतकातले गियोम द माशो (मृत्यू 1377) आठवा. त्यांचं ‘मेस द नोत्र दाम’ अभ्यासक्रमात हमखास असतं.

आवाज एकमेकांच्या मागे येतात का?

एकाने चाल सुरू केली, तीच दुसऱ्याने उचलली, मग तिसऱ्याने, तर तुम्ही रेनेसाँमध्ये पोहोचलात. याला इमिटेशन म्हणतात. जोस्कँ दे प्रे (मृत्यू 1521) यांच्या ‘आवे मारिया... वीर्गो सेरेना’ची सुरुवात ऐका. वरच्या आवाजापासून खालच्यापर्यंत प्रत्येक जण पाळीपाळीने येतो. इथे सूर पोकळ नाहीत, भरलेले आणि गोड आहेत.

1567 मध्ये छापलेल्या पालेस्त्रिनाच्या ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’मध्ये आवाज सहा आहेत, तरी शब्द स्पष्ट कळतात. मॅड्रिगल मात्र चर्चबाहेरचं. त्यात संगीत शब्दांचं चित्र काढतं. थॉमस वील्क्सच्या 1601 मधल्या ‘अ‍ॅज व्हेस्टा वॉज’मध्ये शब्दांत दोघांचा उल्लेख आला की दोनच आवाज गातात आणि डोंगर उतरताना सूरही उतरतात.

तयारी अशी करा

- अभ्यासक्रमातल्या आठ-दहा रचनांची प्लेलिस्ट करा. घरातल्या कुणाला तरी त्यातली कुठलीही एक रचना मधूनच लावायला सांगा. मोबाइलच्या स्क्रीनकडे पाहू नका.
- अर्ध्या मिनिटाने बंद करायला सांगा आणि आधी कारण लिहा, मग नाव. नाव चुकलं तरी कारणाचे गुण मिळू शकतात.
- हिल्डेगार्डच्या आजच्या काही ध्वनिमुद्रणांत मागे एक लांब सूर किंवा वाद्य असतं. ती गायकांनी नंतर घातलेली भर असते. फसू नका, चाल एकच आहे.
- सन थोडेच, पण कारणासह लक्षात ठेवा. उदाहरणार्थ, 1501 मध्ये व्हेनिसला पेत्रुचीने अनेक आवाजांच्या रचनांचा पहिला छापील संग्रह काढला. त्यानंतर रचना दूरवर पोहोचणं सोपं झालं.

रोज वीस मिनिटं पुरेत. रागदारी ऐकत वाढलेल्या कानाला एक चाल बारकाईने ऐकण्याची सवय असते. आता त्याच कानाने दुसरी चाल शोधायची आहे. ती सापडली की निम्मं उत्तर तुमच्या हातात आलं.