न हलणारा माल, की कारखान्याचा विमा?



बेळगावच्या आठवणी निघाल्या की किल्ला, मिलिटरी महादेव, कुंदा, जुनी थिएटरं यांवर भरपूर लिहिलं जातं. उद्यमबागेवर फारसं कुणी लिहीत नाही. माझ्या बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षं तिथल्या कारखानदारांची खाती सांभाळण्यात गेली, म्हणून आज तिथलाच एक विषय मांडतो. विषय रुक्ष आहे, पण ज्यांच्या घरात एखादी शेड आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. उत्पादन बंद झालेल्या कंट्रोलचं एक चालू कार्ड कपाटात ठेवणारा कारखानदार पैसे अडकवत नाही, तो विमा उतरवतो. आणि बँकेनं, सीएनं, सरकारनं त्याकडे त्याच नजरेनं बघायला हवं. आज तसं होत नाही.

मी बी.कॉम. माणूस. कार्डावरचा कुठला भाग काय काम करतो हे मला विचारू नका. पण बंद पडलेलं मशीन आणि थकलेला हप्ता यांचं नातं मी तीसेक वर्षं जवळून बघितलंय.

आमच्याकडे फौंड्र्या आणि मशीन शॉप यांची जोडी जुनी. कास्टिंग ओतायचं, टर्निंग-बोरिंग करायचं आणि पुण्या-कोल्हापूरकडच्या मोठ्या कारखान्यांना पाठवायचं. साध्या लेथवर हे चालायचं. मग सीएनसी आली. कुणी एचएमटीचं मशीन घेतलं, कुणी परदेशातून आलेलं जुनं. त्यातली कितीतरी आजही चालू आहेत.

या मशीनमध्ये दोन वेगवेगळ्या वयांच्या वस्तू एकत्र बसवलेल्या असतात. खालचं बीड ओतीव लोखंडाचं. तेलपाणी नीट केलं, स्लाइड घासून घेतल्या, तर ते तीस-चाळीस वर्षं सहज जातं. वरच्या कपाटातला कंट्रोल मात्र इलेक्ट्रॉनिक. त्यातले कपॅसिटर वाळतात, पंख्याच्या जाळीवर फौंड्रीची काळी धूळ बसते, जुना काचेचा पडदा अंधुक होत जातो. लोखंड धडधाकट आणि डोकं बंद, अशी अवस्था येते.

फॅनुकचा झिरो सीरिजचा कंट्रोल घ्या. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तो जगभर गेला, आपल्याकडेही आला. त्याचे पॅरामीटर म्हणजे त्या मशीनची जन्मपत्रिका. ते टिकून राहतात तीन मोठ्या सेलच्या जोरावर. सेल उतरले की पडद्यावर ‘बॅट’ अशी अक्षरं लुकलुकतात. ते सेल मशीन चालू ठेवूनच बदलायचे. कुणी सद्‌भावनेनं मेन स्विच बंद करून सेल काढले की पत्रिका पुसली. कार्ड शाबूत असूनही मशीन उभं. पॅरामीटरचा कागद किंवा बॅकअप नसेल तर पुढं नुसती वणवण.

आणि कार्डच गेलं तर वणवण आणखी मोठी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एसपी रोड इथं फोन सुरू होतात. तिथं नसेल तर जुनी मशीन मोडून कार्डं विकणारे व्यापारी. पैसे आधी, माल नंतर, आणि सील फोडलं की परत नाही. नंबर जुळवणं हे सुद्धा एक शास्त्र आहे. फॅनुकमध्ये ए०६बी ने सुरू होणारा नंबर बहुधा ड्राइव्ह किंवा मोटारचा, ए१६बी किंवा ए२०बी असला तर कार्डाचा. पण पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षरही बघावं लागतं. शिवाय कार्डावरची रॉम आपल्या मशीनची नसेल तर हुबेहूब दिसणारं कार्डसुद्धा चालत नाही. म्हणून जाणते रिपेरीवाले सांगतात, जुनं कार्ड भंगारात देऊ नका, त्यावरची रॉम उपयोगी पडते.

आता आमच्या बाजूचं सांगतो, म्हणजे बँकेच्या.

समजा २० लाखांचं मशीन घेतलं. आयकराच्या हिशेबानं दर साल १५ टक्के घसारा. २० वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते साधारण ७८ हजार. आणि त्याच्या ड्राइव्हला व्यापारी मागतो दीड लाख. कागद बघणारा अधिकारी म्हणणार, ७८ हजारांच्या वस्तूवर दीड लाख कशाला घालता? वहीतला आकडा खरा आहे, प्रश्न चुकीचा आहे. ते मशीन रोज किती काम काढतं, हे त्याला विचारायचंच नसतं. दिवसाला दहा हजारांचं काम निघत असेल आणि कार्ड मिळायला दीड महिना लागला, तर साडेचार लाखांचं काम गेलं. शिवाय ऑर्डर दुसऱ्याकडे गेली की ती परत येईलच असं नाही.

दुसरी गोष्ट स्टॉक स्टेटमेंटची. १९७५ च्या टंडन समितीच्या अहवालाच्या काळापासून बँकांत एक पद्धत रुळली आहे. आयात केलेले सुटे भाग १२ महिन्यांच्या वापराइतके आणि देशी ९ महिन्यांच्या वापराइतके असतील तर ती चालू मालमत्ता. त्याहून जास्त असतील तर चालू मालमत्तेतून बाहेर. नियमामागचा विचार योग्यच होता, फुगवलेला साठा दाखवून पैसे उचलणारे आम्ही पाहिलेत. पण जे कार्ड दहा वर्षांतून एकदा लागतं त्याचा ‘बारा महिन्यांचा वापर’ किती धरायचा? शून्य. म्हणजे ते ‘न हलणाऱ्या माला’त गेलं.

माझ्या ओळखीतल्या एका कारखानदाराचं असंच झालं. मी निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. एक कारखाना बंद होत होता, तिथून त्यानं आपल्या कंट्रोलची दोन कार्डं आणि एक ड्राइव्ह घेऊन ठेवला. त्याच्या बँकेच्या तपासणीत (बँकेचं नाव घेत नाही) ते सगळं साठ्यातून वजा झालं आणि सीसीची मर्यादा तेवढ्यानं आखडली. पुढल्या वर्षी वैतागून त्यानं ते विकून टाकलं. दोन पावसाळे गेले आणि वीज पडून त्याचा ड्राइव्ह गेला. मला फोन करून म्हणाला, “काका, मशीन बंद पडलंय ओ, पार्ट मिळंना झालाय. आपलाच ड्राइव्ह आता दुप्पट किमतीत शोधालोय बघा.” हसत बोलत होता, पण त्या महिन्यात तीन कामगारांना त्यानं घरी बसवलं होतं.

हिशेबशास्त्रात याला वाट आहे, हे सीए मंडळींना ठाऊक आहे. २०१६ मध्ये सुधारलेल्या एएस-१० प्रमाणे जो सुटा भाग एका वर्षाहून अधिक काळासाठी ठेवला आहे आणि स्थिर मालमत्तेच्या व्याख्येत बसतो, तो मशीनसारखाच मालमत्तेत दाखवता येतो. मग बँकेनं त्यावर छोटं मुदत कर्ज द्यायला काय हरकत आहे? मशीनला देतो, तसंच. सीसीतून ओढाताण कशाला?

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, नवीन मशीन घ्या. स्पिंडल वाजतोय, स्लाइड खाल्ल्या आहेत, माप धरत नाही, तर खुशाल नवीन घ्या. लोखंड चांगलं असेल तर त्यावर नवा कंट्रोल चढवणं, म्हणजे रेट्रोफिट, हाही चांगला मार्ग. पण साठीला टेकलेला मालक, मुलगा बेंगळुरूला आयटीत, शेडमध्ये दोन मशीन. त्यानं ३० लाखांचं कर्ज घेतलं तर दहा टक्के दरानं पाच वर्षं महिन्याला जवळपास ६४ हजारांचा हप्ता. दीड लाखाच्या कार्डानं अडलेल्या माणसाला हा सल्ला देणं सोपं, हप्ता भरणं अवघड. आणि नवीन कंट्रोलही कधीतरी जुना होणारच. ग्राहक वापरतोय तोवर दुरुस्ती देऊ असं फॅनुक जाहीरपणे सांगते, ही चांगलीच गोष्ट. सगळ्याच कंपन्यांचं तसं नाही.

सरकारकडे बघा. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. कारखान्याचं मशीन त्यात नाही. दुसरीकडे दुरुस्त केलेले सुटे भाग आयात करायचे तर मूळ भागाच्या ८० टक्के आयुष्य शिल्लक आहे, असं चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. तीस वर्षांपूर्वीच्या कार्डाचं ८० टक्के आयुष्य शिल्लक आहे, हे कोणत्या मोजपट्टीनं मोजायचं? तपासून, चालवून दाखवलेलं कार्ड येऊ द्या, अशी अट अधिक शहाणपणाची ठरेल.

पण सरकारची वाट बघत बसू नका. आपल्या हातातलं आधी करा. कपाट उघडून प्रत्येक कार्डाचा पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरासकट वहीत लिहा, फोटो काढा. पॅरामीटर उतरवून दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत घरी. सेल बदलल्याची तारीख कपाटाच्या दारावर चिकटवा. कार्ड विकत घेताना तुमच्याच सीरिजच्या कंट्रोलवर चालवून दाखवा म्हणा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकाच जातीचा कंट्रोल असलेल्या पाच-सहा जणांनी मिळून एकेक कार्ड घेऊन ठेवा. एकट्याला जे जड जातं ते सहा जणांत वाटलं की हलकं होतं. बिशी आणि सोसायट्या चालवणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवायला नको.

उद्यमबाग, मच्छे, तसंच कोल्हापूर, इंदूर, बडोद्याकडच्या मंडळींनी आपल्या शेडमध्ये कोणता कंट्रोल आहे आणि कोणता भाग मिळत नाही, ते खाली जरूर लिहा. कुणाच्या तरी कपाटात तो पडून असेल.