गोदामातून निघालेला ठेका

'डीजे' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? विसर्जनाची मिरवणूक, ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आणि थरथरणाऱ्या खिडक्यांच्या काचा! डीजे हा मुळात एक माणूस असतो, हे आपण विसरूनच गेलोय. म्हणून आज अशा एका डीजेची ओळख करून घेऊ, ज्याचं नाव अमेरिकेतल्या शिकागो शहरानं एका रस्त्याला दिलं. फ्रँकी नकल्स. दुसऱ्यांच्या रेकॉर्ड वाजवणं हा त्याचा धंदा, आणि त्यातूनच त्यानं जगाला एक नवं संगीत दिलं.

फ्रँकी जन्मला १८ जानेवारी १९५५ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. शिकला कापडाचं डिझाइन. पण मित्र लॅरी लेव्हानबरोबर क्लबांमध्ये रेकॉर्ड वाजवता वाजवता तिकडेच रमला. १९७७ मध्ये शिकागोत नवा क्लब निघत होता. तिथलं बोलावणं आधी लेव्हानला आलं होतं. त्यानं नाही म्हटलं, म्हणून फ्रँकी गेला. नशीब म्हणतात ते हेच!

क्लबचं नाव 'वेअरहाउस', म्हणजे चक्क गोदाम. पत्ता २०६, साउथ जेफरसन स्ट्रीट. दारू मिळत नसे, फळांचा रस मिळे. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी दिवस वर येईपर्यंत चाले. येणारी पोरं बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन, त्यातली बरीचशी समलिंगी. स्वतः फ्रँकीही त्यांच्यातलाच. बाहेर जपून, चेहरा लपवून वावरणाऱ्यांना इथे कुणाची भीती नव्हती.

मग आला १२ जुलै १९७९. शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर दोन बेसबॉल सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डचं खोकं स्फोट करून उडवण्यात आलं. रेकॉर्ड घेऊन येणाऱ्याला तिकीट अवघं ९८ सेंट! कल्पना एका रेडिओ निवेदकाची. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, इतका गोंधळ झाला की दुसरा सामना खेळताच आला नाही. गंमत म्हणून सोडून देण्यासारखा हा प्रकार नव्हता. डिस्को हे कृष्णवर्णीयांचं आणि समलिंगींचं संगीत; त्याच्यावरचा राग नेमका कुणावरचा होता, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

पुढे मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं. नाचायला लावणाऱ्या नव्या रेकॉर्ड येईनाशा झाल्या. फ्रँकीची पोरं मात्र दर शनिवारी हजर! मग त्यानं काय करावं? जुनीच गाणी स्पूलच्या टेपवर घेतली आणि ब्लेडनं कापून पुन्हा जोडली. गाण्यातला ज्या तुकड्यावर पाय थिरकतात तो लांबवला, नको तो भाग उडवला, खाली ढोलाचा सरळ, न थांबणारा ठेका घातला. तीन-चार मिनिटांचं गाणं त्याच्या हाती पडलं की कितीतरी वेळ चाले. आपल्या आजीनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी, तसलंच हे काम. कापडाचं शिक्षण अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं!

शहरातल्या रेकॉर्डच्या दुकानात गिऱ्हाईक विचारू लागलं, 'वेअरहाउसमध्ये वाजतं ते आहे का?' दुकानदारानं तशी पाटीच लावली. 'वेअरहाउस'चं आखडून 'हाउस' झालं आणि 'हाउस म्युझिक' हे नाव पडलं, असं सांगतात. हाउस म्हणजे डिस्कोनं उगवलेला सूड, असं फ्रँकी म्हणे.

पुढे त्यानं 'पॉवर प्लँट' हा स्वतःचा क्लब काढला. डेट्रॉइटच्या डेरिक मेकडून रोलँडचं टीआर-९०९ हे ठेक्याचं यंत्र विकत घेतलं. १९८७ मध्ये 'युअर लव्ह' ही रेकॉर्ड त्याच्या नावावर निघाली आणि जगभर वाजली. पण गाणं लिहिणारा नि गाणारा जेमी प्रिन्सिपल होता, हेही सांगितलंच पाहिजे. या धंद्यात लेबलवर कुणाचं नाव छापलं जाईल याचा भरवसा नसे.

न्यूयॉर्कला परतल्यावर मायकेल जॅक्सनसारख्यांची गाणी नव्यानं घडवण्याचं काम त्याच्याकडे आलं. १९९८ मध्ये रीमिक्सरसाठीचं पहिलंवहिलं ग्रॅमी त्यालाच मिळालं. कौतुक आहेच, पण मला विचाराल तर ब्लेड आणि टेपची ती वर्षंच खरी मोलाची.

शिकागोचं वागणं मात्र बघा. २००० मध्ये शहरानं विनापरवाना नाचाच्या पार्ट्यांविरुद्ध कायदा केला. दंड दहा हजार डॉलरपर्यंत, आणि त्यात डीजेसुद्धा सापडू शकत होता. चारच वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच शहरानं वेअरहाउससमोरच्या रस्त्याला 'फ्रँकी नकल्स वे' नाव दिलं! त्यासाठी जोर लावणाऱ्यांत तेव्हाचे राज्य सिनेटर बराक ओबामाही होते.

तोवर मधुमेह मागे लागला होता. बर्फावरच्या खेळात पाऊल मोडलं होतं, ते चिघळलं. उपचारांसाठी काम थांबवणं त्याला जमलं नाही. २००८ मध्ये पाऊल कापावं लागलं. तरी तो रेकॉर्डच्या टेबलामागे उभा राहतच होता. ३१ मार्च २०१४ रोजी शिकागोतच तो गेला, वय ५९.

त्याच्या हजारो रेकॉर्ड आता शिकागोच्या दक्षिण भागात, एका जुन्या बँकेच्या इमारतीत उभारलेल्या कलाकेंद्रात जपून ठेवल्या आहेत. आणि जेफरसन स्ट्रीटवरची गोदामाची ती इमारत? २०२३ मध्ये शहरानं तिला अधिकृत वारसा इमारतीचा दर्जा दिला.