घट्ट म्हणजे किती घट्ट?

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. त्या काळच्या काळ्या, उंच दांडीच्या सायकलीत पुढचे दातेरी चाक, म्हणजे चेनव्हील, उजव्या क्रँकला कायमचेच जोडलेले असे. क्रँक आसाला धरून ठेवण्याचे काम कॉटर पिन नावाची पोलादी पाचर करी. पाचर हातोडीने ठोकून बसवायची आणि मग तिचा नट आवळायचा, अशी रीत होती. कॉटर ढिला झाला की दुकानदार दोन ठोके घाली आणि सायकल पुन्हा रस्त्याला लागे.

आज तुमच्यापैकी अनेकांकडे गिअरची सायकल आहे. साध्या गिअरच्या सायकलीत पुढची चेनव्हील रिव्हिटांनी जोडलेली असतात. पण बऱ्यापैकी सायकलीत ती सुटी करता येतात. क्रँकला चार किंवा पाच बाहू असतात आणि प्रत्येक बाहूवर एकेक आखूड बोल्ट चेनव्हीलला धरून ठेवतो. येथे हातोडीचे काम नाही. सायकल बदलली, पण आवळण्याची आपली कल्पना मात्र जुनीच राहिली. 'चांगला घट्ट पिळ' एवढ्यावरच आपण थांबतो. आमचे म्हणणे असे, की घट्टपणा ही मोजण्याची गोष्ट आहे आणि ती मोजायला शाळेतच शिकवले पाहिजे.

आधी बोल्ट काय करतो ते पाहू. वह्यांच्या गठ्ठ्याला रबर लावला की तो ताणला जातो आणि ताणल्यामुळेच गठ्ठा दाबून धरतो. पोलादी बोल्टचेही तसेच आहे. आवळताना तो केसभराहूनही कमी ताणला जातो आणि त्या ताणाने चेनव्हील क्रँकच्या बाहूवर दाबले जाते. या दाबामुळे दोन धातूंमध्ये जे घर्षण निर्माण होते, ते चेनव्हीलला सरकू देत नाही. म्हणजे तुमचा भार खरोखर पेलते ते घर्षण. बोल्टचे काम फक्त दाबून धरण्याचे!

आता थोडे गणित करू. तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे आणि कात्रजचा चढ चढताना तुम्ही एका पॅडलवर उभे राहिलात असे समजा. बल झाले सुमारे ४९० न्यूटन. क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर. बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे परिबल. ते झाले सुमारे ८३ न्यूटन-मीटर. पाच बोल्ट आसापासून ६.५ सेंटिमीटरवर आहेत असे धरले, तर प्रत्येक बोल्टच्या जागी सुमारे २५५ न्यूटन, म्हणजे २६ किलोग्रॅम वजनाइतके बल चेनव्हीलला सरकवू पाहते.

असा ८ मिलिमीटरचा बोल्ट १० न्यूटन-मीटर परिबलाने आवळला, तर दाब सुमारे ६,००० न्यूटन पडतो. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तर घर्षण ९०० न्यूटन. म्हणजे गरजेच्या तिपटीहून अधिक. पण तोच बोल्ट पाव इतकाच आवळला तर घर्षण उरते २२५ न्यूटन. २५५ पेक्षा २२५ कमी! चेनव्हील सरकू लागते. एकदा ही हालचाल सुरू झाली की बोल्ट स्वतःहून सैल होत जातो. आडव्या हालचालीने बोल्ट कसे सुटतात हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिले. एक बोल्ट गळून पडला की त्याचा भार उरलेल्या चारांवर येतो, चेनव्हील वाकते, साखळी उतरते आणि भर रहदारीत पाय पॅडलवरून निसटतो. कुरकुर ऐकू आली तेव्हाच थांबून पाहिले असते, तर हे टळले असते.

"मग जोर लावून पिळू या की!" असे कोणी म्हणेल. पण रबर फार ताणला की तुटतो, तसाच बोल्टही. अ‍ॅल्युमिनियमच्या बोल्टचे आटे तर पाहता पाहता जातात. शिवाय हाताला लागलेला जोर म्हणजे दाब नव्हे. तुम्ही लावलेल्या परिबलाच्या १०० भागांपैकी साधारण ५० भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि ४० भाग आट्यांच्या घर्षणात खर्च होतात. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १०. आट्यांत गंज किंवा माती असेल तर तेवढेही उरत नाहीत. हात सांगतो "पक्का", आणि चेनव्हील सैलच! बोल्ट जरुरीपेक्षा लांब असेल तर तो नटाच्या तळाला टेकतो. तेव्हाही हात असाच फसतो.

म्हणून बसवण्याची रीत अशी असावी. नट, बोल्ट आणि त्यांची भोके पुसून स्वच्छ करावीत. आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा. मागून नट घालून पुढून बोल्ट बोटांनीच फिरवावा. तो बोटांनी फिरत नसेल तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. बोहरी आळीत ८ मिलिमीटरचा बोल्ट कोठेही मिळेल, पण त्याच्या दोन आट्यांतले अंतर १.२५ मिलिमीटर असते आणि या बोल्टचे सामान्यतः ०.७५. जबरदस्ती केली तर दोन्ही वाया. पाचही बोल्ट बोटांनी बसले की मग नट मागून धरून अ‍ॅलन कीने आवळावेत. पण शेजारचे शेजारी नव्हे, तर एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे, आणि दोन-तीन फेऱ्यांत. डब्याचे झाकण एका बाजूने दाबले की दुसरी बाजू उचलली जाते, हे तुम्ही घरी पाहिलेच असेल. थोडी सायकल चालवून झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत.

किती आवळायचे? पोलादी बोल्टला साधारण ८ ते ११ न्यूटन-मीटर, अ‍ॅल्युमिनियमच्या बोल्टला त्याहून कमी. कारखान्याने आकडा दिला असेल तर तोच पाळावा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हे काम कारागिराचे आहे, विद्यार्थ्यांचे नाही. नाक्यावरच्या जाणत्या कारागिराबद्दल आम्हांला आदर आहे. त्याचा हात म्हणजे वर्षानुवर्षांच्या कामाने घडलेले मापनयंत्रच. पण दुकानातून पाना उसना मिळतो, हात मिळत नाही. शिवाय, सायकल रोज चालवणारे तुम्ही. तिची कुरकुर आधी ऐकणारेही तुम्हीच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. परिबल मोजणारा पाना महाग असतो हे खरे. पण रद्दीवाल्याकडे असतो तसा आकडीचा काटा घ्या. पान्यावर बोल्टच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर खूण करा, तेथे काटा अडकवा आणि पान्याशी काटकोन ठेवून ओढा. काटा ९ किलोग्रॅम दाखवील तेव्हा परिबल सुमारे ८.८ न्यूटन-मीटर असेल. झाले मापन! शाळेत व्हाइसमध्ये एक टाकाऊ पोलादी नट-बोल्ट धरून प्रत्येकाने त्याला वाटेल तेवढा 'घट्ट' आवळावा. ओढणाऱ्याला काटा दिसू देऊ नये. आकडे मित्राने फळ्यावर लिहावेत. एका वर्गात 'घट्ट' या एकाच शब्दाचे किती अर्थ निघतात ते सर्वांना दिसेल.

सायकलीचा एवढा आग्रह कशासाठी? कारण हे यंत्र काहीच लपवत नाही. बल कोठून येते आणि कोठे जाते ते डोळ्यांना दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या उद्योगाचा आरंभ बेळगावात सायकलींच्या दुकानापासून केला. किर्लोस्कर समूह आपली स्थापना १८८८ सालची मानतो. पुढे १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ मध्ये पुण्यात खडकीला तेलइंजिनांचा कारखाना उभा राहिला. त्याच १९०३ साली विमान उडवणारे राइट बंधूही अमेरिकेतील डेटन येथे सायकलीच विकत, दुरुस्त करीत आणि बनवीत. यंत्राची जाण पुस्तकाइतकीच हातातूनही येते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

परिबलाचे सूत्र आपण पाठ करतो, त्यावरची उदाहरणे सोडवतो आणि शाळा सुटली की त्याच परिबलावर स्वार होऊन घरी जातो. पण या दोन्हींची गाठ पडत नाही. प्रत्येक शाळेच्या सायकलतळावर एक अ‍ॅलन कीचा संच, एक आकडीचा काटा आणि ग्रीसची डबी ठेवावी आणि महिन्यातून एक तास त्यासाठी राखावा, अशी आमची मागणी आहे. खर्च थोडा आहे, जागा तयार आहे आणि प्रयोगासाठी लागणारे यंत्र विद्यार्थी स्वतःच रोज शाळेत घेऊन येतात.