पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच की गं?

मागच्या वर्षी आत्याच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा घरच्यांनी तो माझ्या हातात दिला. मी बी.एस्सी.ला, विषय प्राणिशास्त्र. म्हणजे घरातली 'सायन्सवाली' मीच. रिपोर्ट अर्थातच इंग्रजीत. त्यात एक ओळ होती : ई.आर. पॉझिटिव्ह. आत्यानं त्यातला ओळखीचा एकच शब्द पकडला आणि विचारलं, "पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच की गं?"

त्या ओळीचा अर्थ मला माहीत होता. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. पण आत्याला मराठीत काय सांगायचं ते सुचेना. आपल्यापैकी बऱ्याच जणांसारखं माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं, पीयूसीपासून सगळं इंग्रजीत. 'संप्रेरक', 'ग्राही' हे पाठ केलेले शब्द आठवले. पण शहापूरच्या स्वयंपाकघरात ते इंग्रजीइतकेच परके वाटले असते. मी म्हटलं, "हो, चांगलंच," आणि विषय बदलला.

त्या दिवशी जे सांगायला हवं होतं ते आता लिहिते.

आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींशी सतत बोलत असतात. त्यांचे निरोप म्हणजे रेणू. एक पेशी रेणू सोडते. दुसऱ्या पेशीकडे नेमका तोच रेणू ओळखणारा ग्राही असेल तरच तिला निरोप कळतो. ग्राही म्हणजे पेशीचा कान. निरोप मिळाला की पेशी वाढते, थांबते, काम संपलं असेल तर स्वतःहून मरतेही. वाढीचे असे निरोप पोचवणारे घटक शोधून काढल्याबद्दल स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेव्ही-मॉन्टॅल्चिनी यांना १९८६ साली नोबेल मिळालं.

कर्करोगाची पेशी कुठून बाहेरून येत नाही. ती आपलीच, आणि भाषाही आपलीच बोलते; फक्त भलत्या वेळी आणि नको तितकी. 'थांब' हा निरोप ती ऐकेनाशी होते. 'वाढ' हा निरोप कधी स्वतःच सोडते आणि स्वतःच ऐकते. ऑक्सिजन कमी पडला की व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून जवळच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे फाटे फोडायला लावते. राखणीला आलेल्या टी-पेशींना एक ब्रेक असतो, तोच ती दाबून धरते. हे ब्रेक सोडवता येतात हे दाखवणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं.

तिचं बोलणं शेजारापुरतंही राहत नाही. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगानं दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून लिहिलं, की हा रोग वाटेल तिथे पसरत नाही. बी रुजायला तशी माती लागते. आज आपल्याला माहीत आहे, की गाठीतल्या पेशी एक्झोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पुड्यांत निरोप बांधून रक्तातून दूर पाठवतात आणि तिथली माती आधीच भुसभुशीत करायला लागतात.

आता ई.आर. म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा निरोप ऐकणारा कान. ई.आर. पॉझिटिव्ह म्हणजे आत्याच्या गाठीतल्या पेशींना तो कान आहे, आणि त्या निरोपावर त्या वाढतात. पण कान आहे म्हणूनच तो बंदही करता येतो. आत्या रोज घेते ती टॅमॉक्सिफेनची गोळी त्या कानात जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागाच ठेवत नाही. म्हणजे आत्याचा प्रश्न बरोबर होता. पॉझिटिव्ह म्हणजे उपचाराला एक वाट जास्त.

हे सगळं इथं लिहायचं कारण वेगळंच आहे. आत्याला गाठ लागल्यावर अकरा महिने ती कुणाशी बोलली नव्हती. नंतर विचारलं तर म्हणाली, "दुखत नव्हतं की. आणि काय म्हणून सांगायचं?" न दुखणारी गाठही दाखवायलाच हवी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. 'स्तन' हा शब्द आमच्या घरात उच्चारला जात नाही, 'छातीत' म्हणतात. कर्करोगाला 'तो आजार' म्हणतात. ऑपरेशन झालं तेव्हा गल्लीत 'पोटाचं' म्हणून सांगितलं. पेशी एक क्षण गप्प बसत नाहीत, आणि आम्ही अकरा महिने गप्प. यात फायदा कुणाचा झाला?

काही जण म्हणतील, सगळं सांगितलं की माणूस खचतो. मलाही तसंच वाटायचं. पण दोन महिन्यांनी धीर करून मी आत्याला कानाची गोष्ट सांगितली, तेव्हा ती खचली नाही. परवा शेजारच्या काकूंना ती स्वतःच सांगत होती, "माझ्या गाठीला कान होते. ही गोळी म्हणजे कानात कापसाचा बोळा." माझ्या पाच मार्कांच्या उत्तरात हे वाक्य नव्हतं. काकू जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मलाबी एकदा दाखवायचंय गं."

दुसरा आक्षेप आपल्या मंडळातूनच येईल : हे वाङ्मय मंडळ आहे, विज्ञानासाठी दुसरं मंडळ आहे. मला हे पटत नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत कर्करोगावर, विशेषतः स्तनाच्या कर्करोगावर, आयुष्यभर संशोधन केलं. एका मराठी बाईनं हे काम केलं, आणि दुसऱ्या मराठी बाईला आपल्या रिपोर्टमधली एक ओळ कळू नये, हा भाषेचाच प्रश्न आहे. ज्ञान म्हणजे निरोप. ऐकणाऱ्याकडे कान नसेल तर तो कितीही खरा असला तरी वाया जातो. तो कान तयार करणं हे भाषेचं काम, म्हणजे आपलं. सीमाभागात मराठी टिकली पाहिजे असं आपण दर कार्यक्रमात म्हणतो. मग ती दवाखान्याच्या बाकावरही टिकायला नको का?

म्हणून एक सूचना. दर सत्राला आपल्या भित्तिपत्रकाचा एक अंक एका आजारावर काढू या. मजकूर विज्ञान शाखेच्या मुलांनी लिहायचा, भाषा कला शाखेच्या मुलांनी तपासायची. आणि छापण्याआधी प्रत्येकानं तो आपल्या आईला, आजीला किंवा आत्याला वाचून दाखवायचा. त्यांना जो शब्द कळला नाही तो बदलायचा. पहिला अंक गाठीवर असू दे. तो मी लिहीन. आत्यानं तपासायचं कबूल केलंय.